डेअरीच्या भट्टीपासून सरसेनापतीपर्यंत : आयझेनहॉवर यांची दोन वर्षांची वाट

मेरिट लिस्टची वाट बघणं काय असतं हे ज्या घरात एनडीएची तयारी चालू आहे त्या घरालाच माहीत. लेखी पास, एसएसबी पास, मेडिकल पास, तरी यादीत नाव येईल का नाही याची खात्री नाही. गावात रोज कोणीतरी विचारतं, काय झालं रे तुझं? अशीच वाट शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका पोराने बघितली. त्याचं नाव ड्वाइट आयझेनहॉवर. पुढे दुसऱ्या महायुद्धात युरोपात दोस्त राष्ट्रांच्या फौजांचा सरसेनापती आणि नंतर आठ वर्षे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला हाच तो माणूस. पण १९१० साली तो एका डेअरीत रात्रपाळीला भट्टीत कोळसा टाकत होता.

ड्वाइटचा जन्म १४ ऑक्टोबर १८९० चा, टेक्सास राज्यातल्या डेनिसन गावचा. वडील डेव्हिड यांनी आधी कॅन्ससमध्ये भागीदारीत दुकान टाकलं होतं, ते बसलं. मग रेल्वेत काम केलं आणि शेवटी एबिलीन या छोट्या गावात बेल स्प्रिंग्ज नावाच्या डेअरीत मेकॅनिक म्हणून लागले. डेअरी म्हणजे लोणी, आईस्क्रीम आणि बर्फाचा कारखाना. आजूबाजूच्या शेतकऱ्यांची साय तिथे यायची.

घरात सात मुलगे झाले. एक लहानपणीच गेला, सहा वाढले. आर्थर, एडगर, ड्वाइट, रॉय, अर्ल आणि मिल्टन. रेल्वे रुळाच्या दक्षिणेला गरिबांची वस्ती आणि उत्तरेला पैसेवाल्यांची, अशी गावाची वाटणी होती. आयझेनहॉवर दक्षिणेचे. घराला लागून तीन एकराच्या आसपास जमीन. त्यात फळझाडं, भाजीपाला, गाय, कोंबड्या. आई आयडा हिने प्रत्येक पोराला जमिनीचा एक तुकडा नेमून दिला होता. ज्याने जे पिकवलं ते त्याने विकायचं. ड्वाइट मक्याची कणसं आणि काकड्या लावायचा आणि हातगाडी घेऊन रुळापलीकडच्या बंगल्यांपुढे जाऊन विकायचा. तिथल्या बायका माल उलटा पालटा करून बघायच्या, भाव पाडायच्या. एडगरला याचा फार राग यायचा. ड्वाइट मात्र मुकाट माल विकून यायचा.

नववीच्या वयात गुडघा खरचटला आणि पायात विष भिनलं. पाय काळा पडून सूज वर चढायला लागली. त्या काळी पेनिसिलीन नव्हतं. पाय कापावा लागेल असं डॉक्टर म्हणत होते. पोराने एडगरला सांगून ठेवलं की मी बेशुद्ध पडलो तरी कोणाला पाय कापू द्यायचा नाही. एडगर दाराशी बसून राहिला. पाय वाचला, पण शाळेचं वर्ष गेलं.

१९०९ साली एडगर आणि ड्वाइट दोघे बरोबरच हायस्कूल पास झाले. दोघांनाही कॉलेज करायचं होतं आणि घरात एकाच्याही फीचे पैसे नव्हते. मग भावाभावांनी तोड काढली. एक वर्ष एकाने कमवायचं, दुसऱ्याने शिकायचं, पुढच्या वर्षी अदलाबदल. एडगर थोरला, त्याला वकील व्हायचं होतं, म्हणून तो पहिल्यांदा मिशिगन विद्यापीठात गेला. ड्वाइट डेअरीत कामाला लागला.

आधी बर्फखान्यात. एकेक लादी तीनशे पौंडाची, म्हणजे आपल्या हिशेबात सव्वाशे किलोच्या वर. त्या ओढायच्या, सरकवायच्या, गाडीत भरायच्या. नंतर भट्टीवर, म्हणजे बॉयलरला कोळसा घालायचं काम. दुसऱ्या वर्षी रात्रपाळीचा मुकादम झाला. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, आठवड्याचे सातही दिवस. ८४ तास भरले. पगार महिन्याला ९० डॉलर, आणि त्यातलाच पैसा एडगरकडे मिशिगनला जायचा.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. या पोराला लष्करात जायचंच, असं लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे काही नव्हतं. इतिहासाची पुस्तकं मात्र तो झपाटल्यासारखा वाचायचा. हॅनिबल त्याचा आवडता. इतका की घरकाम सोडून वाचत बसतो म्हणून आईने ती पुस्तकं कपाटात कुलूप लावून ठेवली होती. पण आई धार्मिक आणि युद्धाच्या पूर्ण विरोधातली. बंदूक धरणं म्हणजे पाप मानणारे लोक. अशा घरातून कोणी फौजेत जाईल असं गावात कोणालाच वाटलं नसतं.

१९१० च्या उन्हाळ्यात एव्हरेट हॅझलेट नावाचा मित्र गावात परत आला. गावात त्याला सगळे स्वीड म्हणायचे. डॉक्टरचा मुलगा. त्याला अॅनापोलिसच्या नौदल अकादमीत जागा मिळाली होती, पण गणितात नापास होऊन तो घरी आला होता आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसणार होता. स्वीड रात्री डेअरीत जाऊन बसायचा. दोघे भट्टीजवळ गप्पा मारायचे, फावडं स्वच्छ धुऊन त्यावर अंडी तळून खायचे. अशाच एका रात्री स्वीडने विषय काढला की तूही अॅनापोलिसला अर्ज कर, दोघं बरोबर जाऊ. ड्वाइटच्या डोक्यात लगेच हिशेब झाला. अकादमीत शिक्षण फुकट, राहणं जेवण फुकट, वर थोडा भत्ता. म्हणजे एडगरच्या शिक्षणाचे पैसे अडायला नकोत आणि आपलंही कॉलेज होतंय. देशभक्ती नंतर आली, आधी फीचा प्रश्न सुटला. आपल्या भागातही वर्दीकडे वळणाऱ्या किती पोरांचं सुरुवातीचं कारण हेच असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

अमेरिकेत अकादमीत जायचं तर नुसती परीक्षा देऊन चालत नाही. खासदार किंवा सिनेटरने नाव सुचवावं लागतं. तेव्हा बरेच पुढारी आपल्या ओळखीच्या, पक्षाच्या लोकांच्या पोरांची नावं पाठवायचे. आयझेनहॉवरांची कोणाशी ओळख असण्याचा प्रश्नच नव्हता. ड्वाइटने २० ऑगस्ट १९१० ला कॅन्ससचे सिनेटर जोसेफ ब्रिस्टो यांना पत्र लिहिलं. अॅनापोलिस किंवा वेस्ट पॉइंट, कुठलीही जागा चालेल असं त्यात होतं. या पत्रात त्याने आपलं वय एका वर्षाने कमी लिहिलं. येत्या शरदात वीस पूर्ण होणार होती, लिहिली एकोणीस. चूक का मुद्दाम, यावर चरित्रकारांनी बरीच शाई खर्च केली आहे.

पत्रावर विसंबून न राहता तो गावात फिरला. पेपरचे संपादक, दुकानदार, पोस्टमास्तर अशा चार वजनदार माणसांना भेटून आपल्यासाठी सिनेटरला लिहायची विनंती केली. रुळापलीकडची ही माणसं. पण बाप डेव्हिड याचा सचोटीबद्दल गावात लौकिक होता आणि पोरगं कामसू आहे हे सगळे बघत होते. त्यांनी पत्रं लिहिली.

ब्रिस्टो यांनी वशिल्याऐवजी स्पर्धा परीक्षा ठेवायचं ठरवलं होतं, हे या पोराचं नशीब म्हणायचं. परीक्षा ४ आणि ५ ऑक्टोबरला टोपेका शहरात. हातात जेमतेम दीड महिना. रात्री डेअरी, दुपारी स्वीडबरोबर अभ्यास. स्वीड शिकवणारा आणि ड्वाइट शिकणारा. शिवाय तो परत हायस्कूलमध्ये जाऊन बसायला लागला. पास झालेला, कमावता, विशीतला गडी सोळा सतरा वर्षांच्या पोरांमध्ये गणित आणि भौतिकशास्त्राच्या तासाला. गावात हसणारे हसले असतील.

आठ मुलं बसली होती. अॅनापोलिस मागणाऱ्यांमध्ये ड्वाइट पहिला आला. वेस्ट पॉइंटसाठी दुसरा.

त्याला हवं होतं अॅनापोलिस, कारण स्वीड तिथे जाणार होता. पण तिथे वयाची मर्यादा होती वीस, आणि पुढच्या जूनमध्ये प्रवेश घेताना तो वीस वर्षं आठ महिन्यांचा झाला असता. पहिला नंबर येऊनही ते दार बंद. उरलं वेस्ट पॉइंट, त्यात तो दुसरा. तरीही २४ ऑक्टोबरला ब्रिस्टो यांनी वेस्ट पॉइंटसाठी पाठवलं ते नाव ड्वाइटचंच होतं.

हे झालं फक्त नाव. पुढे लष्कराची स्वतःची परीक्षा आणि मेडिकल बाकी होतं. ते जानेवारी १९११ मध्ये सेंट लुईसजवळच्या जेफरसन बॅरॅक्समध्ये. कॅन्ससचं खेड्यातलं पोर पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या शहरात. एका संध्याकाळी दुसऱ्या एका उमेदवाराबरोबर तो शहर बघायला निघाला, धुक्यात रस्ता चुकला, ट्राममधून भलतीकडेच जाऊन पोचला. परत येईपर्यंत रात्रीची वेळ टळून गेली होती. फाटकातून गेलं तर नाव लिहिलं जाईल या भीतीने दोघे भिंतीवरून उड्या टाकून आत आले. परीक्षेत मात्र निभावलं.

याच जेफरसन बॅरॅक्सच्या परीक्षेतून आणखी एक पोर त्याच वर्षी वेस्ट पॉइंटला गेलं. मिसुरीचा ओमर ब्रॅडली. वडील शाळामास्तर, पोर चौदा वर्षांचं असताना गेले. आई शिवणकाम करून घर चालवायची. ओमर रेल्वेच्या कारखान्यात काम करून मिसुरी विद्यापीठासाठी पैसे साठवत होता, त्याला वकील व्हायचं होतं. चर्चमधल्या एका माणसाने सुचवलं म्हणून वेस्ट पॉइंटला बसला आणि दुसरा आला. म्हणजे वेटिंग लिस्ट. पहिल्या नंबरच्या मुलाला जागा घेता आली नाही आणि ती ब्रॅडलीकडे आली. बाकीची बॅच जूनमध्ये हजर झाली होती, हा १ ऑगस्टला पोचला. पुढे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या अमेरिकेच्या पहिल्या आर्मीचा सेनापती हाच.

जून १९११ मध्ये ड्वाइट बॅग घेऊन घरातून निघाला. आई ओसरीवर उभी राहून निरोप देऊन आत गेली. ती काहीच बोलली नाही, अडवलंही नाही. धाकट्या मिल्टनने नंतर सांगितलं की त्या दिवशी आई खोलीत जाऊन रडली आणि आईला रडताना त्याने ऐकलं ते पहिल्यांदाच.

१४ जूनला तो वेस्ट पॉइंटला हजर झाला. तिथली चार वर्षे फार मोठी गाजवली असं नाही. फुटबॉलमध्ये मात्र चमकला. १९१२ च्या नोव्हेंबरमध्ये एका सामन्यात गुडघा दुखावला, मग घोडेस्वारीच्या कवायतीत उडी मारताना तोच गुडघा पार निकामी झाला. फुटबॉल संपला. पोरगं इतकं खचलं की अकादमी सोडून घरी जायला निघालं होतं, मित्रांनी धरून ठेवलं. सिगारेट ओढल्याबद्दल, उशिरा आल्याबद्दल शिक्षा होत राहिल्या. १९१५ ला पास होताना १६४ जणांत नंबर ६१ वा.

आणि इथे पुन्हा वाट बघायची पाळी आली. चार वर्षे अकादमी करूनही अधिकारी म्हणून नेमणूक मिळेल का, याचीच शंका. वेस्ट पॉइंटचे मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल शॉ यांनी बोलावून सांगितलं की गुडघा असा असेल तर पदवी मिळेल, पण कमिशनची शिफारस करता येणार नाही. पुढे कधी पेन्शनचा बोजा सरकारवर पडायला नको, हा त्यामागचा विचार. दुसरा कोणी असता तर हातापाया पडला असता. हा म्हणाला ठीक आहे, आणि खोलीवर जाऊन अर्जेंटिना देशाची माहितीपत्रकं मागवली. मोकळी जमीन, गुरं, कुरणं, तिथे जाऊन काहीतरी करू, असा बेत. काही दिवसांनी शॉ यांनी किनारी तोफखान्यात जातोस का म्हणून विचारलं. घोड्यावर बसायचं काम नाही, गुडघ्याला त्रास नाही. ड्वाइटने सरळ नको सांगितलं, त्याला ते काम कंटाळवाणं वाटायचं. शेवटी घोडदळ मागणार नसशील तर शिफारस करतो, यावर तडजोड झाली. त्याने पसंतीच्या अर्जात पहिली, दुसरी, तिसरी तिन्ही पसंती पायदळच लिहिली.

त्या बॅचमधल्या १६४ पैकी ५९ जण पुढे जनरल झाले. अमेरिकेत त्या वर्गाला ताऱ्यांचा वर्ग म्हणतात. त्यातला एक अर्जेंटिनात गुरं राखायला जाता जाता राहिला.

आता थोडं दुसऱ्या वाटांबद्दल, कारण वेस्ट पॉइंट हाच एक रस्ता होता असं नाही. आयझेनहॉवर यांना ज्यांनी वर आणलं ते जनरल जॉर्ज मार्शल वेस्ट पॉइंटचे नव्हतेच. व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट या राज्याच्या संस्थेतून ते १९०१ ला बाहेर पडले आणि वेगळी परीक्षा देऊन १९०२ मध्ये अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सगळ्या लष्कराचे प्रमुख तेच. रणगाडा सेनापती जॉर्ज पॅटन यांचं नाव लागायला उशीर होत होता म्हणून ते आधी एक वर्ष त्याच व्हर्जिनियाच्या संस्थेत शिकले, मग १९०४ ला वेस्ट पॉइंटला गेले आणि तिथे पहिल्याच वर्षी गणितात अडकून ते वर्ष पुन्हा केलं. हॅरी ट्रूमन यांना नजर कमजोर म्हणून वेस्ट पॉइंटची आशा सोडावी लागली. त्यांनी नॅशनल गार्डमध्ये नाव घातलं आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तोफखान्याचे कॅप्टन म्हणून लढले. आयझेनहॉवर यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष तेच.

आपल्याकडेही खडकवासल्याचं दार हुकलं तरी डेहराडूनचं आणि चेन्नईचं उघडं असतं. पदवीनंतर सीडीएस आहे. बारावीला गणित, भौतिक, रसायन घेऊन जेईई दिलेल्यांना टेक्निकल एंट्री आहे. शिपाई म्हणून भरती झालेल्याला आर्मी कॅडेट कॉलेजमधून अधिकारी होता येतं. गावात मात्र एनडीए सोडून दुसरं नाव बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि यादीत नाव आलं नाही की पोरगं घरात तोंड लपवून बसतं.

अधिकारी झाल्यावर आयझेनहॉवर यांचं भलं झालं असं समजू नये. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला नेमणूक मिळाली, तिथे मॅमी डाऊड भेटल्या, १ जुलै १९१६ ला लग्न झालं. पहिलं महायुद्ध सुरू होतं, बरेच वर्गमित्र फ्रान्सला, आणि यांना ठेवलं मायदेशात रणगाड्याच्या तुकड्या तयार करायला. फ्रान्सला जायची तारीख १८ नोव्हेंबर १९१८ ठरली आणि ११ नोव्हेंबरला युद्धच थांबलं. १९२१ च्या जानेवारीत तीन वर्षांचा पहिला मुलगा, घरात त्याला इकी म्हणायचे, तापाने गेला. हे दुःख त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही. १९२० मध्ये मेजर झाले ते १९३६ पर्यंत मेजरच. सोळा वर्षे एकच हुद्दा. धाकटा भाऊ मिल्टन शेती खात्यात मोठ्या जागेवर, आणि वॉशिंग्टनमध्ये हे मिल्टनचे भाऊ म्हणून ओळखले जायचे.

मधल्या काळात ते शिकत राहिले, एवढंच. पनामात जनरल फॉक्स कॉनर यांच्या हाताखाली तीन वर्षे जुन्या लढाया परत परत वाचल्या. १९२६ मध्ये लेव्हनवर्थच्या स्टाफ कॉलेजात पहिला नंबर आला. वेस्ट पॉइंटला ६१ वा आलेला हा माणूस.

मग युद्ध आलं आणि सगळंच बदललं. मार्च १९४१ मध्ये लेफ्टनंट कर्नलचे कर्नल झाले आणि डिसेंबर १९४४ मध्ये पंचतारांकित जनरल. पावणेचार वर्षांचा हिशेब आहे हा. नॉर्मंडीची चढाई ५ जून १९४४ ला ठरली होती, वादळामुळे एक दिवस पुढे ढकलावी लागली. हवामान खात्याच्या अधिकाऱ्याने सांगितलं की ६ तारखेला थोडी उघडीप मिळेल. तेवढ्यावर दीड लाख माणसं समुद्रात उतरवायचा निर्णय त्यांनी घेतला. अपयश आलं तर सगळा दोष माझा, असं निवेदनही आधीच लिहून खिशात ठेवलं होतं. त्याच ६ जूनला तिकडे वेस्ट पॉइंटला त्यांचा मुलगा जॉन पास होऊन बाहेर पडत होता. मॅमी एकट्याच समारंभाला गेल्या.

राष्ट्राध्यक्ष असताना डिसेंबर १९५९ मध्ये ते भारतात आले. दिल्लीत तेव्हा जागतिक कृषी प्रदर्शन भरलं होतं आणि ते भरवण्यामागे होते आपल्या अमरावती जिल्ह्यातले पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख, तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री. प्रदर्शनाच्या सुरुवातीला आयझेनहॉवर हजर राहिले. आग्र्याकडे जाताना एक खेडंही त्यांनी बघितलं. मक्याची कणसं विकून मोठा झालेला माणूस शेतकऱ्यांच्या प्रदर्शनात उपरा वाटला नसणार.

भावाभावांच्या त्या कराराचं पुढे काय झालं? एडगर वकील झाला, वॉशिंग्टन राज्यात टकोमा शहरात त्याने वकिली केली आणि जन्मभर ड्वाइटशी राजकारणावरून भांडत राहिला. ड्वाइटची कॉलेजची पाळी कधी आलीच नाही, तिच्याऐवजी वेस्ट पॉइंट आलं. स्वीड दुसऱ्या खेपेला गणितात पास होऊन अॅनापोलिसला गेला, नौदलात अधिकारी झाला. हृदयविकारामुळे त्याला लवकर निवृत्त व्हावं लागलं. सरसेनापती असताना आणि राष्ट्राध्यक्ष असतानाही आयझेनहॉवर त्याला लांबलचक पत्रं लिहीत. १९५८ मध्ये स्वीड वारला तोपर्यंत हे चालू होतं.

आयझेनहॉवर २८ मार्च १९६९ ला वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात गेले. अंगावर त्यांचं नेहमीचं आखूड लष्करी जाकीट आणि साध्या शिपायाला मिळते तीच शवपेटी. रेल्वेने त्यांना एबिलीनला आणलं आणि लहानपणीच्या घराच्या अंगणापासून काही पावलांवर पुरलं. शेजारी इकी आहे, त्याला १९६६ मध्येच डेन्व्हरहून तिथे आणून ठेवलं होतं.